हरायची नोकरी

पॉलिशकाकांच्या हाताला गुण होता, हे त्यांचा दुश्मनसुद्धा नाकारणार नाही. कसलंही लाकूड आणा, डाग पडलेलं, पाण्याने फुगलेलं, पोरांनी कंपासच्या टोकाने नावं कोरलेलं. चार दिवसांनी त्यात बघून भांग पाडता येईल असं करून ते परत द्यायचे. लाखेची चपडी स्पिरिटमध्ये किती वेळ भिजवायची, कापसाचा बोळा कसा गोल फिरवायचा, कुठे थांबायचं, सगळं बोटांना पाठ. लाकडावर कुठे थांबायचं हे ज्याला इतकं अचूक कळत होतं, त्याला पत्त्यांवर ते कधीच कळलं नाही. याला नशीब म्हणावं तर नशिबाची उगाच बदनामी होते.

अड्ड्यावर त्यांना ‘दाखव्या’ म्हणत. डाव तीन पानांचा. प्रत्येकाला तीन पानं वाटायची. बरी असतील तर बोली वाढवायची, भिकार असतील तर पानं उपडी टाकून ‘गेलो’ म्हणायचं आणि पुढच्या डावाची वाट बघायची. तिन्ही पानं सारखी आली तर प्रश्नच मिटला, मग तुम्हीच राजे. पण तशी ती येत नाहीत, म्हणून शहाणा माणूस दहातले सात डाव टाकतो. काकांनी चाळीस वर्षांत एकही टाकला नाही. हातात कचरा असला तरी छाती पुढे काढून म्हणणार, “दाखव!” समोरचा दाखवायचा, आणि काकांचं काहीतरी जायचं.

काय काय गेलं ते सांगत बसलं तर दिवस मावळेल. एकदा तर गिऱ्हाइकाचं पॉलिशला आलेलं सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल त्यांनी डावावर लावलं, आणि ते गेलं. गिऱ्हाईक विचारायला आलं की काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “अजून ओलं आहे. हवा दमट आहे ना.” असं ते टेबल चार महिने ओलं राहिलं. पाचव्या महिन्यात गिऱ्हाइकाला ते एका ओळखीच्या माणसाच्या घरी दिसलं, खडखडीत कोरडं, वर जेवणं चाललेली. त्यानंतर दुकान टिकायला काही कारणच उरलं नाही. दुकान गेलं, काकूंच्या बांगड्या गेल्या. काकूंचं शिवणयंत्र गेलं तेव्हा काकू भांडल्या नाहीत, हाताने शिवायला लागल्या. त्याची लाज काकांना अजून वाटते, आणि वाटायलाच हवी.

काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हा काकांच्या एकुलत्या एक मुलीने त्यांना आपल्या घरी आणलं. मुलगी गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक आणि तिच्या पायाशी दुसरा, आणि तिचा स्वभावही त्याच बनावटीचा: गाडी तुम्ही चालवा, ब्रेक मात्र तिच्याकडे. आतली छोटी खोली तिने बापाला दिली आणि एकच अट घातली. “बाबा, तुमच्या हातात ज्या दिवशी पत्ते दिसतील, त्या दिवशी बोचकं दाराबाहेर. मग तुम्ही रडा, पडा, आजारी पडा. मी ऐकणार नाही.” काकांनी कान पकडले. त्या खोलीखेरीज त्यांना जगात पाठ टेकायला जागा नव्हती, आणि मुलगी बोलल्याप्रमाणे करते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते तिने आईकडून घेतलेलं नव्हतं, आणि बापाकडून तर नक्कीच नाही.

सहा वर्षं काका सरळ चालले. मग कलादालनातून एका टेबलाचं काम आलं.

कलादालन म्हणजे पांढऱ्याफेक भिंतींचा भलामोठा हॉल, दाराशी स्टुलावर एक रखवालदार, आणि आत पाऊल टाकलं की आपोआप खालावणारे आवाज. तिथे एक तिशीची चित्रकार बाई होती. मोठ्ठा चष्मा, खिशात टेप, केसांत खोचलेली पेन्सिल. ती चित्रं मात्र काढत नव्हती. तिने हॉलच्या मधोमध एक घर मांडलं होतं, समोरची भिंत नसलेलं. पलंग, कपाट, शेगडी, मिक्सर, टीव्ही, बादल्या, चाळण्या, भिंतीवर घड्याळ, दांडीवर टॉवेल. सगळं जुन्या बाजारातून आणलेलं आणि मधोमध एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या. काकांनी त्या टेबलाला पॉलिश करायचं होतं.

बोळा फिरवता फिरवता त्यांनी भिंतीवरची पाटी वाचली. जुगारात घर कसं बुडतं ते बाईंना दाखवायचं होतं. बघायला येणाऱ्याने स्वतःजवळची एक वस्तू डावावर लावायची आणि घरमालकाशी खेळायचं. येणारा जिंकला तर घरातली हवी ती एक वस्तू घेऊन जायची. हरला तर त्याची वस्तू घरात राहायची. तीस दिवसांत घर रिकामं व्हायचं. पाटीशेजारी कोणती वस्तू कधी जाईल याची यादीसुद्धा बाईंनी अंदाजाने लावली होती.

“बाई, हे चुकलंय,” काका म्हणाले.

“काय? पॉलिश?”

“पॉलिश कसं चुकेल? यादी चुकलीय. पहिल्या दिवशी टीव्ही लिहिलाय तुम्ही.”

“मग? सगळ्यात महाग तोच ना?”

काकांनी बोळा खाली ठेवला. अडाण्याला समजावून सांगतात तशा धीराने ते म्हणाले, “टीव्ही पहिला कधीच जात नाही. टीव्ही गेला की शेजारी विचारतात. पहिलं जातं ते माळ्यावरचं, वर्षातून एकदा लागणारं. मोठं पातेलं, पाहुण्यांची गादी. मग कपाटाच्या मागच्या कप्प्यातलं. मग बायकोचं, कारण ती कोणाला सांगत नाही. टीव्ही अगदी शेवटी, आणि तोही ‘दुरुस्तीला टाकलाय’ असं सांगून.”

बाईंनी केसांतली पेन्सिल काढली. “थांबा थांबा, परत सांगा. पातेलं, गादी… तुम्हाला हे कसं माहीत?”

“ऐकीव आहे,” काका म्हणाले, आणि हात पुसून सहज, अगदी सहज, टेबलावरचा पत्त्यांचा कॅट उचलला. सहा वर्षांनी. कॅट त्यांच्या हातात असा पिसला गेला की स्टुलावरचा रखवालदार उठून उभा राहिला.

घरमालकाच्या जागी बसायला बाईंनी एक नट ठरवला होता. त्याला मालिकेत काम मिळालं आणि तो ऐन वेळी पळाला होता. बाई काकांच्या हातांकडे बघतच राहिल्या आणि म्हणाल्या, “काका, नोकरी कराल? महिनाभर इथे बसायचं आणि हरायचं. रोजचा पगार.”

हरायचा पगार! काका चाळीस वर्षं हे काम फुकट करत आले होते.

आता जुगाऱ्याच्या मनात एक वकील बसलेला असतो, आणि तो कधीच केस हरत नाही. काकांच्या वकिलाने घरी पोचेपर्यंत निकाल लावून टाकला. जुगार कशाला म्हणतात? आपलं काही जातं किंवा येतं त्याला. इथे घर बाईंचं, वस्तू लोकांच्या, काकांचं काय? पगार. पगाराच्या कामाला नोकरी म्हणतात. शिवाय हरायचंच आहे, म्हणजे मोहाचा प्रश्न नाही. मुलीला मात्र त्यांनी एवढंच सांगितलं, “कलादालनात काम मिळालंय. महिनाभर चालेल.” मुलीने विचारलं, “एका टेबलाला महिना?” काका म्हणाले, “हवा दमट आहे ना.”

पहिल्या दिवशी पहिला गडी आला तो एक जाडजूड दातांचा डॉक्टर. त्याने खिशातलं पेन लावलं. त्याची नजर मिक्सरवर होती. काकांनी पानं उचलली: दोन राण्या आणि एक सत्ती. करारानुसार पानं उपडी टाकून ‘गेलो’ म्हणायचं होतं. काकांनी तोंड उघडलं, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने त्यातून आलं, “दाखव!”

डॉक्टरकडे काही नव्हतं. पेन घरात राहिलं.

“होतं असं पहिल्या दिवशी,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशीही झालं. तिसऱ्या दिवशी एक वकीलीणबाई छत्री हरल्या, एक प्राध्यापक चष्मा हरले आणि भिंत चाचपत बाहेर गेले. एका माणसाने कमरेचा पट्टा लावला, तो पँट धरूनच घरी गेला. एका बाईंनी नवऱ्याचं मनगटी घड्याळ लावलं, हरल्या, आणि नवऱ्याकडे असं बघितलं की जणू तोच खेळत होता. काका मुद्दाम जिंकत नव्हते हो. त्यांची पानंही काही फार थोर येत नव्हती. पण लोकांना छत्री जायची भीती होती आणि काकांना कसलीच नव्हती. काका डोळ्यात डोळे घालून “दाखव” म्हणायचे आणि बरी पानं असलेला माणूसही, चारचौघांत शोभा नको म्हणून, घाबरून न दाखवताच टाकून द्यायचा. ज्याचं काही जाणार नाही त्याला हरवणं फार कठीण असतं. हे गुपित काकांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण तेव्हा त्यांचं सगळंच जाणार होतं.

दहाव्या दिवशी हिशेब काढला तर घरातून दोन बादल्या, एक चाळणी आणि भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं. आणि आलं होतं: एकवीस छत्र्या, अकरा चष्मे, चार हेल्मेट, एक बासरी, सहा डबे, त्यातले दोन भरलेले, आणि उजव्या पायाचा एक बूट. बाईंनी डोक्याला हात लावला.

“काका, मला उद्ध्वस्त घर हवं होतं. तुम्ही संसार थाटलात!”

“मी काय करू? लोकच टिकत नाहीत.”

“तुम्ही आयुष्यभर हरलात ना? सगळे सांगतात. मग आताच काय झालं?”

काका कॅट पिसत राहिले. खरं सांगायचं तर ते हवेत होते. बसमध्ये खिडकीजवळ बसून ते स्वतःशीच हसायचे. दालनाबाहेर रांग लागायला लागली होती. दारावरचा रखवालदार चहावाल्याशी पैज लावायचा, आज छत्री येणार की चष्मा, आणि त्या सबंध इमारतीत खराखुरा जुगार काय तो तेवढाच चालायचा. कुठल्याशा वर्तमानपत्रात एका समीक्षकाने लिहिलं की या कलाकृतीत उजाड घर पुन्हा भरत जातं आणि ती माणसाच्या आशेवर केलेली टिप्पणी आहे. बाईंनी तो कागद चुरगाळून बादलीत टाकायला हात उचलला, पण बादली गेलेली होती.

विसाव्या दिवशी बाईंनी हळूच सुचवलं, “काका, पानांच्या पाठीवर छोटीशी खूण केली तर? म्हणजे तुम्हाला आधीच कळेल कधी टाकायची ते.”

काका ताडकन उठले. “लबाडी? बाई, मी घर बुडवलं असेल, लोकांचं टेबल ओलं ठेवलं असेल, पण पत्त्यांत लबाडी केली नाही कधी!”

“अहो, हरण्यासाठी लबाडी!”

“कशासाठी का असेना. पानं पाप ओळखतात.”

“मग साधं एवढंच करा ना. पानं टाका. कशीही येवोत, टाका. ‘गेलो’ म्हणा. अडीच अक्षरांचं काम आहे.”

“दोन,” काका म्हणाले. पण ते खजील झाले होते. पगार हरायचा घेत होते आणि काम होत नव्हतं. कारागीर माणसाच्या मनाला ते लागतंच. त्या दिवसापासून त्यांनी सराव सुरू केला. घरात पत्ते चालणार नव्हते, म्हणून विजेची तीन बिलं घेऊन न्हाणीघरात आरशासमोर उभे राहायचे. बिलं हातात धरायची, बघायची, आणि उपडी टाकून म्हणायचं “गे…” पुढचं अक्षर काही केल्या फुटेना. एकदा दार उघडं राहिलं आणि मुलगी टॉवेल घ्यायला आली.

“बाबा, काय चाललंय?”

“मनगटाचा व्यायाम.”

“बिलं घेऊन?”

“हलकी असतात,” काका म्हणाले. मुलगी टॉवेल घेऊन गेली. ती बोलत नाही तेव्हा जास्त धोका असतो हे काकांना कळायला हवं होतं.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिच्या गाडीत शिकायला एक नवा माणूस बसला. वळण घेता घेता तो गप्पा मारत होता. “काल काय गंमत झाली मॅडम! त्या कलादालनात एक म्हातारा बसतो. माझी छत्री गेली. काय बघतो तो माणूस! नुसतं ‘दाखव’ म्हणाला आणि माझ्या हातातली पानं गळाली. बोटांना पिवळा डाग, अंगाला स्पिरिटचा वास…” तेवढ्यात तिने आपल्या बाजूचा ब्रेक असा दाबला की मागच्या तीन गाड्यांनी एकदमच हॉर्न वाजवला. हे सगळं काकांना नंतर कळलं. त्या वेळी ते खुर्चीत बसून पाय हलवत होते आणि पुढचा कोण म्हणून वर बघत होते.

पुढची त्यांची मुलगी होती. तिने तिकीट काढलं होतं, रांगेत उभी राहिली होती, आणि आता समोरची खुर्ची ओढून ती बसली. काकांचे पाय हलायचे थांबले.

“अगं… तू इकडे कुठे?”

“खेळायला.”

“हे तसं नाही. ही नोकरी आहे. इथे मी हरायला बसलोय.”

तिने मान फिरवून त्या घराकडे बघितलं. पलंगावर रचलेल्या छत्र्या, दांडीला ओळीने अडकवलेले चष्मे, शेगडीवर हेल्मेट. “दिसतंय,” ती म्हणाली.

“अगं, घरी जाऊन बोलू.”

“घरच लावतेय डावावर.” तिने जुडग्यातून एक किल्ली काढून टेबलावर ठेवली. आतल्या खोलीची. “आपापली वस्तू लावायची ना? ही माझी. तुम्ही जिंकलात तर खोली तुमची, हातात पत्ते घेऊन झोपा, मी जन्मात बोलणार नाही. मी जिंकले तर संध्याकाळपर्यंत रिकामी. वाटा.”

रखवालदार स्टुलावरून उठला. चित्रकार बाई कोपऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी पत्ते पिसले. त्यांनी तीन पानं तिच्यासमोर सरकवली, तीन स्वतःसमोर. मुलीने आपली पानं उचललीच नाहीत. तळहात त्यांच्यावर ठेवून ती बापाकडे बघत बसली.

काकांनी पानं उचलली. वर किलवरचा राजा. ठीक आहे. त्याच्यामागे बदामचा राजा. तिसरं पान जुगारी माणूस जसं बघतो तसं, अंगठ्याने तसूतसू सरकवत त्यांनी बघितलं. आधी काळी कड, मग मुकुट, मग दाढी.

इस्पिकचा राजा.

तीन राजे. चाळीस वर्षं अड्ड्यावर बसून, दुकान, बांगड्या, शिवणयंत्र, लोकांचं टेबल घालवून जे एकदाही आलं नाही, ते आज इथे, पगारावर असताना, भर दुपारी आलं होतं. घशातून तो शब्द आपला आपण वर यायला निघाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि म्हणायच्या आधी, आता हिची जिरली, म्हणून समोर बघितलं.

इतक्या वर्षांत त्यांनी समोर खरं कधी बघितलंच नव्हतं. त्यांना दिसायची ती पानं, आणि पानांपलीकडे एक सदरा. डोळे वटारायचे तेसुद्धा त्या सदऱ्याकडे. आज समोर मुलगी होती. डोक्यावर दोन पांढरे केस आले होते ते त्यांना आता दिसले. खालचा ओठ ती आतून चावत होती. पाचवीत असताना चावायची तसाच, संध्याकाळी काका घरात शिरले की आधी त्यांच्या हातांकडे आणि मग घरातल्या मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत.

जिंकलो तर हरणार कोण? ही. काकांना एकाएकी ते इतकं स्वच्छ कळलं की आधी कसं कळलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. घरातलं बाहेरच्याने जिंकून नेलं तरी हरतं घरच, आणि घरातल्याकडून घरातल्याने जिंकलं तरी हरतं घरच. ही पोर किल्ली लावून बसली होती आणि आपली पानं बघतसुद्धा नव्हती. तिला जिंकायचं नव्हतंच. बाप काय करतो ते बघायचं होतं. आणि बाप काय करणार हे तिला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं.

काकांनी तिन्ही पानं एकावर एक नीट जुळवली. टेबलावर उपडी ठेवली.

“गेलो,” ते म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की मागच्यांना ऐकूच गेला नाही. रखवालदाराने मात्र ऐकलं, आणि तो मटकन स्टुलावर बसला. काकांनी ती तीन पानं कॅटच्या मधोमध खुपसली, मुलीची न बघितलेली तीन वर ठेवली, आणि सगळं दोनदा पिसून टाकलं. आता देव जरी आला असता तरी त्याला कळलं नसतं.

बाईंचे डोळे भरून आले होते. सत्तावीस दिवस त्या ह्या एका शब्दासाठी थांबल्या होत्या. नाक पुसत त्या पुढे आल्या. “तुम्ही जिंकलात मॅडम. घरातली हवी ती एक वस्तू न्या. टीव्ही न्या ना, टीव्ही. प्लीज.”

मुलीने किल्ली जुडग्यात परत ओवली. मग टेबलावरचा पत्त्यांचा कॅट उचलून पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

“अहो, ते नाही! ते घरातलं सामान नाही,” बाई म्हणाल्या. “त्याच्याशिवाय उरलेले तीन दिवस…”

“टेबल घरातलं आहे ना? मग टेबलावरचं घरातलंच. ‘हवी ती एक वस्तू’ असं लिहिलंय. पाटी तुमचीच आहे.”

बाईंनी पाटी वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. बाप-लेक बाहेर पडले तेव्हा त्या एकवीसच्या चाळीस झालेल्या छत्र्यांमध्ये उभ्या होत्या, आणि रांगेतला एक माणूस विचारत होता की आज खेळ बंद झाला हा कलाकृतीचाच भाग आहे का.

बाहेर मुलीची गाडी उभी होती, मागेपुढे शिकाऊची पाटी लावलेली. काका दरवाजाजवळ घुटमळले. हाताला अजून त्या तीन पानांचा स्पर्श होता.

“मी बसने येतो. तू हो पुढे,” ते म्हणाले. “तसं सामान काही फार नाही. दोन पिशव्यांत मावेल. सहापर्यंत होईल माझं.”

“कसलं सामान?”

“खोली हरलो ना मी.”

“हरलात. खोली आता माझी झाली,” मुलगी म्हणाली. “माझ्या खोलीत कोणाला ठेवायचं ते मी ठरवीन. तुम्हाला कोणी विचारलंय? बसा.”

काका बसले. शिकणाऱ्याच्या जागी नाही. मागे, छत्री हरलेल्या माणसाने विसरलेल्या पाण्याच्या बाटलीशेजारी. गाडी निघाली. काका आरशातून तिच्या कपाळाकडे बघत होते. आठी होती, पण रोजचीच.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, “काय होतं हातात?”

काकांच्या जिभेच्या टोकावर तिन्ही राजे येऊन उभे राहिले. सांगावं की नाही? न सांगितलं तर फुटेन असं त्यांना झालं. आजवर हरून आल्यावर ते उंबऱ्यातूनच सुरू करायचे, “काय पानं आली होती म्हणून सांगू!” काकू नुसतं “हं” म्हणायच्या. ही वहीतून डोकं वर न काढता विचारायची, “आज काय नेलं?” ती पानं निम्मी खोटी असायची आणि नेलेलं सगळं खरं. आता खरी पानं सांगितली तरी तिच्या कानावर तेच जुनं पुराण पडणार होतं.

“काही नाही गं,” काका म्हणाले. “दुर्री, चव्वी आणि एक नव्वी.”

“वाटलंच.” सिग्नल सुटला. तिने गिअर टाकला. “नाहीतर तुम्ही कुठले टाकताय!”

काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग खिडकीची काच थोडी खाली घेतली.

“हो ना,” ते म्हणाले. “अगदीच भिकार होती.”